पूजेपुरतं बंद

केतकी पुराणिक भोपाळच्या एका खासगी रुग्णालयात सर्व्हर सांभाळते. कोणती पिशवी कोणत्या गटाची, कुणाच्या रक्ताशी जुळवलेली, ही रक्तपेढीची सगळी माहिती तिच्या खोलीतल्या एका यंत्रावर असते. त्यावरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. ती बनवणाऱ्यांनी दूर कुठेतरी ठरवलं आणि हात काढून घेतला. तेव्हापासून यंत्राच्या पंख्याचा आवाज जरा बदलला, तरी केतकी हातातलं काम टाकून त्याच्याकडे धावते.

तिने त्या सिस्टीमच्या जागी डेबियन निवडलं, जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेलं. नव्याची घाई नसलेलं, काहीसं कंटाळवाणं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं. म्हणजे कुणी एकटा ते गुंडाळूही शकणार नाही. प्रशासन बघणाऱ्या खानझोडेसाहेबांना नेमकं हेच खुपत होतं. अडलं तर ओरडायचं कुणावर, त्यांनी विचारलं.

“माझ्यावर.”

“तुझ्यावर ओरडून रक्त मिळत नाही, बाई.”

डेबियनचं नवं यंत्र शेजारी सावलीसारखं चालत होतं, प्रत्येक नोंद त्यावरही उतरत होती. पण जुनं थांबल्यावर ते काम उचलतं का, हे बघायला साहेब जुनं थांबवू देत नव्हते.

मग यंत्रांची, अवजारांची विश्वकर्मा पूजा आली. केतकी भोपाळमधल्याच इंद्रपुरीत वाढलेली, वडील कारखान्यात फिटर. त्यांच्याकडे चालत्या यंत्राला कुंकू लावत नसत. रुग्णालयात मात्र दरवर्षी चालत्या सर्व्हरलाच हार घालत. यंदा तिने साहेबांना सांगितलं, पूजेपुरतं ते थांबवायला हवं. चाचणीला नाही म्हणणारा माणूस पूजेला नाही म्हणू शकला नाही. तेवढा वेळ नवं यंत्र काम बघेल ना, एवढंच त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. ते खरं होतं की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं.

उदबत्ती दाराबाहेर लावली. केतकीने जुनं यंत्र बंद केलं. पंखे थांबले आणि गुरुजींचा आवाज एकदम मोठा वाटू लागला. तेवढ्यात रक्तपेढीतून शकुंतलाबाईंचा फोन. बाळंतिणीला ओ निगेटिव्ह हवं होतं आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं.

मुठीतल्या अक्षता घामाने चिकटल्या. जुनं पुन्हा चालू करावं, तर त्याला उठायला वेळ लागणार. आणि उठलंच नाही तर? साहेब हार धरून तिच्याकडे बघत होते.

“आलं,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “दोन पिशव्या आहेत. देते.”

साहेबांनी जुन्या यंत्राला हार घातला. आता चालू कर, म्हणाले.

केतकीचं बोट बटणापर्यंत गेलं आणि थांबलं.

“राहू दे, साहेब.”

गुरुजींनी आरतीचं ताट पुढे केलं. तिचं लक्ष नव्हतं. चक्र इतका वेळ का फिरत राहिलं, ते ती नव्या यंत्रावर शोधत होती.