रेखाचं सगळे ऐकायचे

रिकाम्या कंटेनरमध्ये शिरली की रेखा बाहेरच्या हमालाला सांगायची, "लाव दादा दरवाजा, मी आकाश पाहून येते." दारं धाडकन बंद व्हायची. आत मिट्ट काळोख. पत्र्याला कुठे भोक असलं तर अशा काळोखात उजेडाचा ठिपका दिसतो, आणि त्याच भोकातून पुढे समुद्राचं पाणी शिरून माल कुजतो. ठिपका दिसला की आतून तिचा आवाज घुमायचा, "तारे निघाले गा! घेऊन जा हा डब्बा!" हमाल हसत सुटायचे, ट्रेलरचा ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा, पण कंटेनर परत जायचा. हीच तपासणी मीही करायचे. बाहेर येऊन म्हणायचे, "छिद्रं आहेत. चालणार नाही." मग कोणी हसायचं नाही आणि भांडण सुरू व्हायचं.

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या आसपासच्या कारखान्यांतून टॉवेल, चादरी, सूत परदेशी जातं. तिकडच्या ग्राहकाला इथे येऊन माल कसा भरला ते पाहता येत नाही. त्याच्या वतीनं, एका तपासणी संस्थेकडून, आम्ही दोघी उभ्या राहायचो. मी पांढुर्ण्याची, ती रामाकोन्याची. दाराचं रबर दाबून कसं पाहायचं, खोकी कशी रचून घ्यायची, शेवटी दाराला सील कसं लावायचं, हे सगळं तिला मी शिकवलं. आमचं सील लागल्याशिवाय माल हलत नाही, एवढी आमची सत्ता. आणि तरीही मी गेटवर पोचले की वॉचमन माझ्या मागे पाहायचा. "रेखाताई नाही आल्या का आज?"

एकदा एका कंटेनरला कुबट वास होता. आधी कच्चं चामडं नेलं असावं. टॉवेलांत तो वास उतरला असता. मॅनेजर ऐकेना. "मॅडम, जहाज छूट जायेगा। थोडा पंखा चला देते हैं।" रेखा भांडली नाही. म्हणाली, "साहेब, तुमी आत या न. दोघं मिळून पाहू." त्याला आत नेलं आणि दारं ओढून घ्यायला लावली. जरा वेळानं मॅनेजर नाकाला रुमाल लावून बाहेर आला, खोकला, आणि हसायला लागला. "अरे, वापस करो इसे!" तिला त्यानं आपल्या केबिनमध्ये बसवून संत्री सोलून दिली. त्याच मॅनेजरनं, असाच वासाचा कंटेनर मी परत पाठवला तेव्हा, आमच्या नागपूरच्या ऑफिसात माझी तक्रार केली होती. 'स्वभाव अडेल आहे' म्हणून. मी त्या संत्र्यांकडे पाहत दारात उभी होते. रेखानं दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या, त्याही मला गोड लागल्या नाहीत.

कारखान्यातलं एक वेळ सोसलं असतं. ती घरी आली तेव्हा मात्र कठीण गेलं. मी काय काम करते हे माझ्या आईनं कधी विचारलं नव्हतं. 'डब्ब्याची नोकरी' एवढंच ती शेजारणींना सांगायची. रेखा ओट्यावर बसली आणि आई तिला विचारू लागली, "काय वं बाई, केवढा मोठा असते तो डब्बा?"

"तुमच्या या दोन खोल्या नि आंगण मिळून होईन तेवढा, काकू. पांढुर्ण्यात झोपा, तिकडं जर्मनीत उठा!"

आई पदर तोंडाला लावून हसत राहिली. मी आत जाऊन विनाकारण भांडी घासत बसले.

मग व्हिएतनाममधल्या एका कारखान्यावर आमच्या संस्थेला माणूस हवा झाला. नागपूरला आम्हा दोघींची मुलाखत झाली. माझं इंग्रजी चांगलं, अनुभव जास्त, अहवाल बिनचूक. निवड रेखाची झाली. साहेब मला समजावत म्हणाले, "लोक तिच्याशी मोकळेपणानं बोलतात हो." हा काही शिकून घेण्याजोगा विषय नव्हता.

पांढुर्णा स्टेशनवर तिला सोडायला घरच्यांसोबत हमालही आले होते. तिनं मला मिठी मारली. "मीने, तू नसतं शिकवलं तं मी इथंच भाजी निवडत बसली असती." म्हणाली ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

काही आठवड्यांनी फोन आला. आवाज पडलेला. "इथं कोणी हसतच नाही वं. माही भाषाच नाही कळत त्याइले. कंटेनरची खालची फळी ओली आहे, मी सांगून राहिली, आन् ते मान हलवून माल भरून राहिले. काय करू?"

खोटं कशाला सांगू, आधी मला बरं वाटलं. चांगलं गार गार बरं वाटलं. मग पलीकडून तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. माझ्यासमोर ती कधी रडली नव्हती.

"सील कुठे आहे?" मी विचारलं.

"पर्समधी."

"तिथेच ठेव. दारासमोर जाऊन उभी राहा आणि एवढंच बोल, 'नो सील टुडे.' समजावू नकोस, चिडू नकोस. आणि मुख्य म्हणजे हसू नकोस. त्यांनी काहीही म्हटलं तरी तेच पुन्हा."

दुसऱ्या दिवशी फोनमध्ये नुसता कल्ला. "मीने, परत नेला डब्बा! सगळा माल उतरवला! आन् माहीत आहे का, आता मी दिसली की सगळे हमाल दुरूनच ओरडते, 'नो सील टुडे!' आन् पोट धरून हसते. आज एकीनं मले घरी जेवाले बोलावलं."

सौसरच्या कारखान्यांत याच अर्थाचं वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल. त्यावर मला कधी कुणी जेवायला बोलावलं नव्हतं.

"आयकून राहिली न?" रेखा म्हणाली. "खोकी उलटी रचते हे लोक. त्याच्यासाठी बी एक वाक्य दे न, तुह्यासारखं कडक."

द्यायचं नाही असं मनात आलं होतं. पण दिलं. आणि देताना ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, एक शब्द बदलून जरा मऊ केलं. तिच्या तोंडी शोभायला हवं होतं ना.