बिनपास फिरायचं न्हाई

शंकरअण्णांना घरी जेवायला बोलावणं म्हणजे आपल्या संसाराची तपासणी करून घेणं. पहिल्यांदा आमच्या काळेवाडीच्या घरी आले तेव्हा पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी त्यांनी दाराची बिजागरी हलवून पाहिली. मग खुर्ची. मग टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "हितं हाताला लागतंय." जणू टेबल तिनेच रंधा मारून केलं होतं! ती चिडली. अण्णांनी खिशातून पॉलिश पेपर काढला, ती कड घासून गुळगुळीत केली, तेव्हा कुठे तिने ताटं घेतली.

चाकणच्या कंपनीत ते आमच्या तपासणी विभागाचे प्रमुख होते. मी लातूरहून आलेलो, डिप्लोमा झालेला आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. पहिल्याच आठवड्यात एक पार्ट 'चालून जाईल' म्हणून मी पुढे ढकलला. अण्णांनी तो परत आणून माझ्यापुढे ठेवला. "चालून जाईल म्हंजी? त्याला पाय हायेत व्हय?" नापास मालाला लाल कागद बांधायचा आणि त्यावर कारण लिहायचं, हा त्यांचा धर्म. म्हणायचे, "कारण न लिहिता नापास करनारा आन् न बघता पास करनारा, दोगं बी सारकंच कामचुकार."

निवृत्तीनंतर वर्षभरात शुगरने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. कृत्रिम पाय बसवला. ताथवड्यात घर मोठं, दारात कार, मुलगा संतोष गुणी. तो त्यांना न्यायचा, आणायचा, कधी कुरकुरला नाही. तरी अण्णा सुकत चालले. "पोरगं लय चांगलं हाय," मला एकदा म्हणाले, "पर मी काय पार्सल हाय का, हितनं उचललं, तितं ठिवलं? मला माजी गाडी चालवायची हाय."

स्कूटर घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण नाही, त्यांना हवी होती कंपनीत पंचवीस वर्षं जिच्यावरून आले-गेले ती जुनी मोटारसायकलच. मग डाव्या पायाचा गिअर हातावर आणायचा आणि मागे दोन्ही बाजूंना आधाराची चाकं लावायची, असं ठरलं. ड्रॉइंग मी काढलं. अण्णांनी ते सात वेळा नापास करून परत दिलं.

गल्लीतले लोक म्हणत, "अण्णा, कोण विचारतंय? चालवा तशीच."

"जल्मभर लोकांचा माल पास करून धाडला," अण्णा म्हणायचे. "आन् आता मीच बिनपास फिरू व्हय?"

आरटीओत आधी परवानगी, मग बदल, मग तपासणी, असं कळल्यावर माझा चेहरा पडला. अण्णा मात्र खूश. "शिस्त आपल्यावानीच हाय की राव यांची!" आरटीओच्या रांगेत उभा राहून खुललेला माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. परवानगी आली. पुढचे दोन महिने त्यांच्या पडवीत वेल्डिंग, घासणं आणि माझ्या चुका काढणं चाललं. मग गर्द निळ्या रंगाचे तीन हात. गाडी अशी दिसत होती की अण्णांच्या बायकोने, काकूंनी, तिची दृष्ट काढली.

पास होईपर्यंत तिच्यावर बसायचं नाही, हा अण्णांचा हट्ट. म्हणून तपासणीच्या दिवशी चाकणला कांदा उतरवून रिकाम्या आलेल्या टेम्पोतून गाडी निघाली. उतरवली तेव्हा सीटवर कांद्याची सालं होती. अण्णांनी ती एकेक वेचली.

तपासणीला एक तरुण इन्स्पेक्टर मॅडम होत्या. त्यांनी चाकं पाहिली, गिअर पाहिला, मान डोलावली. मग हँडलखालच्या नळीवर, जिथे चासी नंबर कोरलेला असतो, तिथे कागद धरून पेन्सिल घासली. कागद नुसता काळा झाला. आकडा एकही उठला नाही.

"काका, नंबर कुठाय?"

रंग मारण्याआधी काय झाकायचं ते ठरवा, हे या माणसाने आमच्याकडून शंभरदा घोकून घेतलं होतं. आणि गुळगुळीत करण्याच्या नादात त्यांनी स्वतःच तीन हातांखाली नंबर गाडून टाकला होता! मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात अण्णा पुढे झाले.

"नापास करा मॅडम. चूक माजी हाय. फकस्त कारन लिवून द्या."

बहुधा असं मागणारं गिऱ्हाईक मॅडमना पहिलंच भेटलं असावं. "मी चारपर्यंत इथेच आहे," त्या हसू दाबत म्हणाल्या. "तोवर नंबर दिसला तर बघते. नाही तर लिहून देते."

मी जवळच्या गॅरेजमधून थिनर आणलं. रांगेतला एकजण म्हणाला, "पात्याने खरवडा ना!" अण्णा गरजले, "पातं न्हाई लावायचं! आकडा दुखावंल." फडक्याने, बोटाच्या टोकाने, ते हळूहळू पुसू लागले. निळा रंग विरघळला आणि पहिलं अक्षर दिसलं. मग एक आकडा. एव्हाना रांग सोडून दहा-बाराजण भोवती जमले होते आणि प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होते. शेवटचा तीन आहे की आठ, यावर दोघांचं भांडण जुंपलं. आठच निघाला, तेव्हा टाळ्या पडल्या. साडेतीनला मॅडमनी पुन्हा पेन्सिल घासली. नंबर स्वच्छ उठला. ब्रेक पाहिले, अण्णांना मैदानात दोन फेऱ्या मारायला लावल्या. गाडी पास झाली. अण्णा रडले. मीही रडलो, उगाच कशाला लपवू?

नवीन नोंदीचं आरसी बुक अण्णांच्या घरी आलं, त्यानंतरच्या रविवारी सकाळी आमच्या घराखाली हॉर्न वाजला. खाली अण्णा, एकटे. मी घाबरून धावत उतरलो. "काय झालं अण्णा? काही काम होतं का?"

"काम कुटलं?" अण्णा गाडीवरूनच म्हणाले. "आसाच आलो."

चहाला वर या म्हटलं, तर नको म्हणाले. हाताने गिअर टाकला. "कुठे निघालात?" मी विचारलं.

"बगू," ते म्हणाले, आणि गेले.