पाण्याकडं पाठ करून

त्या आषाढात माझा पाळीवरच्या मायवरचा भरोसा हलला होता. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मी तिसरी शिकलेला माणूस. आरतीचं पुस्तक वाचतो, सही करतो, त्याच्यापुढं लिहायचं काम कधी पडलं नाही. पण जे झालं ते माझ्या अंगावर झालं. दुसऱ्यानं सांगितलं तर त्यात तिखटमीठ लागेल, म्हणून मीच लिहून राहिलो.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या अलीकडं. गावाच्या डोक्याशी मालगुजारीच्या काळातला तलाव आहे. त्याचं पाणी शेतांना वाटायचं काम आमच्या घराकडं, म्हणून आम्हाला पानकर म्हणतात. माझा बाप पानकर होता, त्याचा बापही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक गोटा आहे. तीच आमची माय. तिला देऊळ नाही, छप्पर नाही, पुजारी नाही. तिचं जे काय करायचं ते पानकरानं करायचं.

बापानं मला दोन नियम शिकवले. एक, पानकराच्या वावरात पाणी सगळ्यात शेवटी. सगळ्या गावाच्या बांद्या, म्हणजे धानाचे वाफे, भिजल्या की मग आपली बांदी. दुसरा, हंगामाचं पहिलं पाणी सोडलं की पानकरानं मायसमोर बसायचं, पाण्याकडं पाठ करून. पाणी कोणाच्या बांदीत शिरलं, कुठं अडलं, कुठं जोरानं गेलं, वळून पाहायचं नाही. शेवटच्या बांदीत पोचलं की तिथून हाक येते, ती ऐकून उठायचं. लहानपणी मी विचारलं होतं, "कायले पाठ करायची गा बा?" बाप म्हणाला, "सोडलं ना? मंग झालं." एवढंच. शेवटची बांदी आमचीच, म्हणून चाळीस वर्षं ती हाक माझी बायको देते. "पोचलंऽऽ गा!" तिचा आवाज धानाच्या अंगावरून तरंगत येतो आणि मला दरवर्षी वाटतं, देव बोलत असेल तर असाच बोलत असेल, लांबून आणि दोनच शब्द.

आम्हाला प्रणाली फार उशिरा झाली. माझ्या डोक्याचे केस तेव्हा पिकायला लागले होते. ती चार वर्षांची असताना तिला ताप चढला, तो उतरेचना. एका सकाळी तिनं डोळे फिरवले. गोंदियाला न्यायला गाडी येईपर्यंत मला घरात उभं राहवेना. पळत पाळीवर गेलो, गोट्यावर कपाळ टेकलं आणि म्हणालो, "माये, वाचव इले. ही आजपासून तुही. माही नाई." पोर वाचली. डॉक्टरच्या सुईनं वाचली आणि मायनं वाचवली, मी दोन्ही मानतो. परत आल्यावर मायसमोर एक लाल धागा ठेवला, तो कमरेच्या करदोड्याला बांधला आणि घरच्या लोखंडी पेटीची किल्ली त्यात ओवली. तेव्हापासून ती किल्ली माझ्या कमरेला.

पोर मायची झाली, तर तिनं देवाचंच काम करावं, एवढं मी मनाशी धरून बसलो. आमच्याकडं एक मठ आहे. मठानं मुलींसाठी कॉलेज काढलं. संस्कृत शिकवतात, ग्रंथ शिकवतात, कीर्तनाला उभं करतात. राहणं, खाणं सगळं तिथंच. सप्त्याच्या शेवटच्या दिवशी मी सगळ्या गावासमोर उभा राहिलो आणि मठाच्या महाराजांना शब्द दिला, माझी प्रणाली बारावी झाली की तुमच्या पायाशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या मला मायच्या आशीर्वादापेक्षा जास्त गोड लागल्या. प्रणाली बायांमध्ये बसली होती. तिनं खाली मान घातली ती वर केली नाही. मी समजलो, लाजली.

ती बारावी सायन्स पास झाली आणि म्हणाली, "बाबा, मी मठात नाई जात. गोंदियाले बी.एस्सी. करतो. पाण्याचं, माशांचं शिकतो."

दोन वर्षांआधी आमच्या तलावातले मासे उताणे होऊन तरंगले होते. कोणाला काही कळलं नव्हतं. तेव्हापासून हे तिच्या डोक्यात होतं म्हणे. मी म्हणालो, "तुले मायले देलं आहे. तुह्यानं नाई म्हणता येत नाई."

"मायले देलं, महाराजाले नाई देलं," ती म्हणाली. "आणि मी मायच्याच पाण्याचं शिकून राहिली ना बाबा? तुमी एकडाव मायले इचारून पाहा, तिच्या पोरीनं काय करावं."

"सभेत शब्द देला आहे मी!"

"मंग तुमीच जा ना मठात," आतून बायको म्हणाली. "झाडून काढाले माणूस लागतेच त्यायले."

मला राग आला. मी प्रणालीची टी.सी., गुणपत्रिका, सगळे कागद पेटीत टाकले आणि कुलूप लावलं. पोर ताटात वाढलेलं भात-वरण तसंच ठेवून उठली. त्यानंतर घरात तिघं होतो, पण वावराच्या कडेच्या तीन धुऱ्यांसारखे, आपापल्या जागी. रोज सकाळी मी मायसमोर जाऊन बसायचो. "सांग तिले काही," म्हणायचो. माय गप्प. मोहाची पानं हलायची, तलावावर सारसाची जोडी उभी असायची, आणि मला वाटायचं, गोट्याला शेंदूर लावून आम्ही पिढ्यानपिढ्या बोलत आलो, ऐकणारं कोणी आहे का?

त्या वर्षी पाऊस ओढ देऊन बसला. धानाच्या रोपांचे पऱ्हे पिवळे पडायला लागले, लावणीचा रोवणा अडला. गावानं ठरवलं, तलावाचं पाणी सोडायचं. नेमका तोच दिवस प्रणालीच्या कॉलेजच्या फारमची शेवटची तारीख. ती पहाटे अंगणात मला म्हणाली, "बाबा, आज लास्ट आहे. पाच वाजेपर्यंत ओरिजनल कागद दाखवले नाई तं सीट जाते." ती खुरपं घेऊन आईच्या मागं वावरात गेली. मी तलावावर गेलो.

आमचं पाणी सोडणं असं असतं. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, आहे. त्याच्या तळाशी भोक, भोकात लाकडाचा गुट्टा ठोकलेला. छातीभर पाण्यात उतरायचं, बुडी मारायची, गुट्टा हलवून काढायचा आणि लगेच बाजूला व्हायचं, कारण पाणी जोरानं ओढतं. गुट्टा हातातून निसटला तर वाहून जातो आणि पानकराची लाज जाते. माझ्या हातून कधी गेला नव्हता.

पाण्यावर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. मी बुडी मारली, गुट्टा हलवला. तो निघाला, आणि मला बाजूला होता आलं नाही. कमरेचा धागा दगडाच्या खाचेत कुठंतरी अडकला होता. पाणी मला भोकाकडं ओढत होतं, धागा धरून ठेवत होता, आणि माझ्या दोन्ही हातांत गुट्टा. एक हात मोकळा केला असता तर धागा तोडता आला असता. पण मी गुट्टा सोडेना. मरायची वेळ आली होती आणि माझ्या मनात काय होतं, तर लोक म्हणतील, पानकराचा गुट्टा गेला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पाणी हिरवं होतं आणि मग उजेडाचं झालं. भीती गेली. मला माझाच आवाज ऐकू आला, चौदा वर्षांआधीचा, पळून दम लागलेला. ही आजपासून तुही. माही नाई. माही नाई. जणू कोणीतरी ते शब्द इतकी वर्षं पाण्यात जपून ठेवले होते आणि आता मला परत वाचून दाखवत होतं. मग एका बाईचा आवाज आला, अगदी कानाशी, रागावल्यासारखा पण मायेचा. "एवढं कायले धरून ठेवतोस गा? सोड नं."

मी सोडलं.

डोकं वर आलं तेव्हा एका म्हाताऱ्या बाईनं माझा दंड धरला होता. हिरवं लुगडं खोचलेलं, काखेत भाजीची टोपली. तिनं मला पाळीवर ओढलं, पाठीवर हात फिरवला. एवढ्या गार पाण्यातून निघालेला तो हात गरम होता. खोकता खोकता मी विचारलं, "कोणत्या गावची वो बाई?"

"इथचीच," ती म्हणाली.

मी डोळ्यांतलं पाणी पुसलं तेवढ्यात ती पाळीनं पुढं निघून गेली, धुक्यात. नंतर मी सगळ्या गावाला विचारलं. कोणी म्हणे, नवेगावकडून बाया पाणभाजी तोडायला येतात, त्यांतली असेल. असेल. मी भांडत नाही.

कमरेला हात लावला तर करदोडा होता, लाल धागा आणि किल्ली नव्हती. गुट्टा नव्हता. मी मायसमोर जाऊन बसलो, पाण्याकडं पाठ करून. मागं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, आधी जोराचा, मग लांब, मग नुसता भास. धुकं विरलं, ऊन आलं. कितीतरी वेळानं ती हाक आली, "पोचलंऽऽ गा!" पण मला उठवेना.

थोड्या वेळानं पावलं वाजली. प्रणाली आली होती. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, साडेतीन कोसावरून पळत आल्यासारखा दम. माझ्यासमोर तिनं मूठ उघडली. तळहातावर किल्ली होती, लाल धाग्यासकट.

"पाण्यासंगं आली बाबा. पाणगवतात गुंतून होती, आपल्या बांदीच्या तोंडाशी."

मी धागा पाहिला. तो तुटलेला नव्हता. त्याची गाठ सुटलेली होती. चौदा वर्षांची, घामानं आणि पाण्यानं दगडासारखी झालेली गाठ.

"मंग सीधी घरी काऊन नाई गेलीस?" मी म्हणालो. "पेटी उघडाची, कागद घ्याचे, बसमंधी बसाचं."

"किल्ली तुमची आहे ना बाबा," ती म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. चौदा वर्षांआधी मी हिला सोडली होती. माझ्या तोंडानं सोडली होती. आणि तेव्हापासून मान वळवून वळवून पाहत होतो, कोणत्या बांदीत शिरते, कुठं जाते, मी म्हणतो तिकडंच जाते की नाही. पानकर असून मी एवढा एक नियम मोडत आलो होतो. माय गप्प नव्हती. ती सांगून बसली होती, मीच पुन्हा पुन्हा विचारत होतो.

"जा, पेटी उघड," मी म्हणालो. "थांब. मीबी येतो."

ओल्या अंगावर कोरडा सदरा घालून मी तिच्यासोबत बसनं निघालो. कोहमाऱ्याला गाडी थांबली तेव्हा तिनं मला जबरदस्तीनं चहा पाजला. गोंदियाच्या त्या कॉलेजात पालकाची सही लागली. मी ती इतकी सावकाश केली की टेबलामागचा बाबू म्हणाला, "बाबाजी, आराम से, पाँच बजने में टाइम है।"

गावात हसले. पानठेल्यावर एकानं ऐकवलं, "काऊन गा पानकर, गुट्टाबी गेला अन् शब्दबी गेला?" मी म्हणालो, "हो, दोनी गेले." आयुष्यात पहिल्यांदा असं बोललो आणि काही तुटलं नाही. मठात जाऊन महाराजांचे पाय धरले, शब्द मोडला म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मुलीला म्हणाव, शिकून झालं की आमच्या विहिरीचं पाणी तपासून दे." मोहाच्या लाकडाचा नवा गुट्टा मी स्वतः घडवला. लाल धागा मायसमोर ठेवून दिला. आता कमरेला नुसता करदोडा, हलकं वाटतं. त्या हिरव्या लुगड्याच्या बाईला मी रोज सकाळी हात जोडतो. ती कोण होती हे मला कळायला पाहिजे, असं आता वाटत नाही.

होस्टेलला जायच्या दिवशी प्रणाली बसमध्ये बसली. तिची माय खिडकीशी रडत होती. गाडी हलली तसा मी रस्त्याकडं पाठ केली आणि झाडाखालच्या ओट्यावर बसलो.

"पोरीवर रुसलास का गा?" कोणीतरी विचारलं.

"नाई," मी म्हणालो. "पाणी सोडलं आहे."

लोक गेले, बायको घरी गेली, ऊन ओट्यावरून सरकलं. मी वळून पाहिलं नाही. दुपारी कधीतरी सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. लांबून, थोडा तरंगत, तिचा आवाज आला.

"पोचली, बाबा."

मग मी उठलो.