उष्णता बघणारा फोन आणि सड्यावरचा पाकट

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी एका सड्यावर उकिडवी बसून कातळाचा ताप बघत होते... अक्षरशः, फोनमध्ये.

राजापूरच्या अलीकडे हायवे सोडून थोडं आत गेलं की हा सडा लागतो. जांभ्याचं उघडं पठार, सावलीला एक झाड नाही. मी शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी असे सडे पालथे घालत कातळशिल्पं शोधते... कुणी आणि कधी कोरली हे नक्की कुणालाच माहीत नाही, अशी दगडातली चित्रं.

या नादात माझे दोन फोन गेले. एक एप्रिलच्या उन्हात दर दहा मिनिटांनी तापून बंद पडायचा, दुसरा हातातून निसटून जांभ्यावर आपटला. म्हणून या वेळी खास रानावनात वापरायचा, रबरी कोपऱ्यांचा रग्ड फोन घेतला. वजन असं की नवरा म्हणतो, पर्समध्ये बत्ता घेऊन फिरतेस.

त्यात एक थर्मल कॅमेरा आहे. गरम ते नारिंगी दिसतं, गार ते निळं. पहिले आठ दिवस तवा, फ्रीज, मांजर, सासूबाईंचे गुडघे... सगळं बघून झालं.

मग एका संध्याकाळी घरामागच्या कातळावर सहज धरला आणि थबकले. कातळ नारिंगी, पण त्यातल्या मातीने भरलेल्या भेगा निळ्या रेघांसारख्या स्वच्छ दिसत होत्या. माती लवकर निवते, कातळ दिवसभराचं ऊन धरून ठेवतो... मी दरवर्षी मुलांना हेच शिकवते, आणि डोळ्यांनी आत्ता पहिल्यांदा बघत होते.

लगेच शांताराम काका आठवले.

काका म्हणजे त्या सड्याचे मालक, सत्तरीचे. लहानपणी वडलांबरोबर गवत कापायला यायचे तेव्हा इथे कोरलेला एक मोठा पाकट बघितल्याचं ते सांगतात. चपटा, लांब शेपटीचा मासा. पुढे तो माती-गवताखाली कुठे गेला, कळलंच नाही.

माझ्याआधीही काही जण येऊन शोधून गेले होते. मीही दोनदा जाऊन शोधलं होतं, काही मिळालं नव्हतं. खरं सांगते... दुसऱ्या वेळी काकूंच्या हातचं कोकम सरबत पिताना मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची आठवण, किती धरायची.

आता घाई होती. काकांच्या मुंबईतल्या मुलाने सड्यावर हापूसची कलमं लावायची ठरवली होती आणि खड्डे मारायला सोमवारी जेसीबी येणार होता. मी काकांना फोन केला, ते म्हणाले या.

शनिवारी सूर्य बुडायची वाट बघत आम्ही गडग्यावर, दगड रचून केलेल्या कुंपणावर, बसलो होतो. काकांनी समोरच्या जुन्या चिरेखाणीकडे बोट दाखवलं. तरुणपणी सात-आठ वर्षं तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने जांभा कापून चिरे काढले होते.

"माज्या मनात एकच भीती हाय, ताई," ते म्हणाले. "मीच तो तोडला असंन. चिरे होऊन कुणाच्या तरी भिंतीत गेला असंल."

हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

ऊन उतरलं आणि आम्ही सुरुवात केली. अर्धा तास काहीच नाही. एक लांब निळी रेघ दिसली तेव्हा मी धावत गेले... ती गुरांची जुनी वाट निघाली. उजेड कमी होत चालला होता आणि काका आता माझ्या मागे येईनासे झाले होते.

खाणीच्या काठाजवळ एक वळलेली रेघ दिसली. जवळून काही कळेना. मी परत गडग्यावर चढले, हात उंच करून फोन धरला... आणि स्क्रीनवर पसरलेले दोन रुंद पंख आले. मध्ये गोल डोळे. अंथरलेल्या गोधडीएवढा पाकट.

काकांना गडग्यावर बोलावलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. स्क्रीनवर शेपटीवरून बोट फिरवलं, तर बोट लागून चुकून फोटोच निघाला.

मग त्या शेपटीच्या अंदाजाने ते चालत गेले. शेपटी सरळ खाणीच्या काठापर्यंत जात होती आणि तिथे संपत होती. पुढे खाली खड्डा.

"शेपटी गेली," काका म्हणाले. काठावर उभे राहून त्यांनी खाली बघितलं. मग वळून म्हणाले, "बाकीचा हाय."

रविवारी सकाळी काका, काकू आणि मी खराटे घेऊन गेलो. माती निघत गेली तशी कोरीव रेघ बोटाला लागायला लागली. लग्न झाल्यापासून ही गोष्ट ऐकत आलेल्या काकू पंखाच्या टोकाशी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "एवढा मोठा?"

काकांनी जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं. मुलाला फोटो पाठवले. तो आधी जरा वैतागला, मग त्यानेच विचारलं की कलमं पलीकडच्या अंगाला लावली तर चालतील का. मे महिन्यात तो पोरांना घेऊन बघायला येणार आहे.

सगळे मला फोन कुठला, केवढ्याला विचारतायत. फोन चांगला आहे, पडून-आपटूनही चालतो. पण कुठे बघायचं हे त्याला माहीत नव्हतं, ते काकांना माहीत होतं... आणि मला ते पटायला यंत्र लागलं.

निघताना मी काकांना तसं सांगितलं. माफीही मागितली.

ते म्हणाले, "तुमी तिसऱ्यांदा आलात ना. बाकीचे एकदाच येऊन गेले."