खाटेपासून दारापर्यंत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला, सुनंदाला, सांगायला दोन-तीनदा तोंड उघडलं, पण दर वेळी भलतंच बोललो — भाजीत मीठ जास्त झालंय, म्हशीला पाणी दाखव, असलं काहीतरी. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. सांगताना माझा घोटाळा होणार, कारण त्या दिवसांत मला नेमकं काय झालं होतं हे मलाच अजून कळलेलं नाही.

पडलो कसा, ते सरळ आहे. दसऱ्याच्या मागे-पुढे सोयाबीनची पोती ट्रॉलीवर चढवत होतो. थर उंच झाला होता. धाकटा भाऊ बालाजी खालून म्हणाला, आता बास. मी ऐकतो होय कुणाचं? तोल गेला आणि पाठीवर आपटलो. सोनपेठहून परभणीला नेलं. मणका दबलाय, ऑपरेशन नको, पट्टा बांधा, दीड महिना पडून राहा आणि मग हळूहळू उठा, असं डॉक्टरांनी सांगितलं. हळूहळू म्हणजे किती हळू? ते कुणीच सांगेना. आज जरा बरं वाटायचं, की उद्या कंबरेपासून टाचेपर्यंत कळ. एक दिवस उभा, तर चार दिवस आडवा. अशानं माणसाला आपलंच शरीर आपल्याशी खरं बोलतंय का खोटं, ते समजेनासं होतं.

बालाजीनं माझं सगळं केलं. सगळं म्हणजे — भांडं देणं, अंग पुसणं, कुशीवर वळवणं. वर शिव्याही त्यालाच. पट्टा आवळला तरी, सैल राहिला तरी. मी मूळचाच तिरसट, त्यात पाठ मोडलेली. तो हसायचा. अण्णाची जीभ चालतीय तोवर काळजी नाही, असं सुनंदाला म्हणायचा.

त्यातच त्याला सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून बोलावणं आलं. ठरलेल्या तारखेच्या आत परभणीला हजर व्हायचं. वयाच्या अटीत बसण्याचं ते त्याचं शेवटचं वर्ष होतं. लहानपणी गावात बस आली की हा ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभा राहायचा, उन्हात, अनवाणी. त्याला दुसरं काही कधी व्हायचंच नव्हतं. कागद हातात घेऊन तो माझ्या खाटेवर बसला.

"अण्णा, तू उठून दारापर्यंत आलास की मी जातो. न्हाई आलास तर न्हाई. तुला असं टाकून मला स्टेरिंग धरवायचं न्हाई."

खाटेपासून दार सात पावलांवर. पडल्या पडल्या मी कितीदा मोजली असतील ती.

मुदतीला आठ दिवस उरले होते आणि येळवस आली. तुमच्याकडे असते की नाही, माहीत नाही — मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव भज्जी — सगळ्या शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भाजी — आणि ताकातली आंबील घेऊन शेतात जातं. कडब्याची खोप करायची, पूजा करायची, मग एकमेकांच्या रानात जाऊन जेवायचं. गावात माणूस म्हणून उरत नाही. बालाजीनं माझ्यासाठी ट्रॉलीत दोन गाद्या अंथरल्या होत्या. मी म्हटलं, दणके बसतील, तुम्ही जा. गेले सगळे.

आणि मी उठलो. का उठलो? पाणी हवं होतं म्हणावं, तर तांब्या उशाशीच होता. आधी भिंत धरून चाललो, मग भिंत सोडली. दार आलं. उंबरा ओलांडला. गल्ली ओलांडून समोरच्या बंद घराच्या ओट्यावर उन्हात जाऊन बसलो. दुखत होतं, नाही असं नाही. पण चालता येत होतं.

आनंद व्हायला हवा होता ना? मला भीती वाटली. आता बालाजी जाणार. मग पोती, पाणी, नांगरट सगळं या पाठीवर. की भीती ती नव्हतीच? रोज सकाळी कुणीतरी विचारतं, अण्णा, झोप लागली का — ते बंद होणार, याची होती? की धाकटा भाऊ खाकी घालून गावात बस घेऊन येईल आणि मी त्याच्यासमोरून कमरेला पट्टा बांधून जाईन, हे बघवणार नव्हतं? यातलं कुठलं खरं? इतकी वर्षं उलटंपालटं करून पाहतोय, ठरत नाही.

तेवढ्यात वेशीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. मी जवळजवळ पळतच आत गेलो आणि खाटेवर पडलो. पाठीत चमक भरली. ती चमक खरी होती.

बालाजी एकटाच आला होता, माझं ताट घेऊन. स्वतः अजून जेवला नव्हता. त्यानं ताट उंबऱ्याजवळ ठेवलं, शेजारी आंबिलीचा तांब्या ठेवला आणि आत आला.

"येळवस हाय अण्णा. तिथं बसून दोघं जेवू. येतो का?"

मी पाय खाली सोडले. उभा राहिलो. दोन पावलं टाकली आणि कण्हून खाली बसलो. ती कळच होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण तेवढ्या कळेनं माणूस बसत नाही. मी बसलो. पाच पावलं उरली होती आणि ती मला टाकता येत होती.

त्यानं मला उचलून निजवलं. ताट खाटेवर आणलं आणि भाकरीचा घास करून माझ्या तोंडाशी धरला. "राहू दे," म्हणाला, "बस काय पळून चालली न्हाई."

मी जेवलो. भज्जी दुसऱ्यांदा मागून घेतली.

मुदत टळली. संक्रांतीनंतर मी सगळ्यांदेखत दारापर्यंत चालत आलो. बालाजीनं गल्लीत पेढे वाटले. पहिला माझ्या तोंडात घातला.

याला सात वर्षं झाली. तो आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. या येळवशीला आमच्या रानात पाहुणे जेवत होते. त्याच्या नोकरीचा विषय निघाला, दरवर्षी निघतोच. बालाजी वाढता वाढता थांबला आणि ताठ मानेनं म्हणाला, "गेली तर गेली. मी थांबलो म्हणून आज आमचा अण्णा चालायलाय. लय झालं." पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, होय म्हणालो आणि आंबिलीसाठी वाटी पुढे केली.

तो थांबला, त्याच्या आधीच मी चाललो होतो.