हातावरचं दुसरं नाव

एक गोळी पोटात गेली की बाईजाचे ओठ वांग्यासारखे सुजायचे. त्या गोळीचं नाव ध्यानात ठेवायचं काम तिच्या नवऱ्याचं, लखमाचं. दवाखान्यात बाकड्यावर टेकायच्या आधीच तो सांगायचा, "सायेब, हिला सल्फा चालत नाय." बाईजा नुसती पदर सारखा करायची. जन्मभर तिच्या वाटचं तोच बोलला. तिच्या तोंडाला तेवढाच विसावा.

मग लखमा गेला. पोरगा भरत कसाऱ्याला, हायवेवरच्या हाटेलात. सणाला येतो, आला तर.

यंदा भात झोडायच्या दिवसांत बाईजाला ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. एकटीच मुरबाडला गेली. डॉक्टरने विचारलं, "आजी, कसली अ‍ॅलर्जी आहे का?"

अ‍ॅलर्जी! असली चीज तिच्या घरात कधी शिरली नव्हती. "नाय बा." अंगावर पित्त उठतं का, असं विचारलं असतं तर घडाघडा बोलली असती.

घरी येऊन गोळी गिळली आणि अंगभर गांधी उठल्या. शेजारची भिमी आमसुलाचं पाणी चोळायला धावली. पण बाईजाला श्वास पुरेना, तशी वाटी टाकून तिने जीप थांबवली.

सुई टोचली, जीव राहिला. डॉक्टरने विचारलं, "पूर्वी असं कधी झालं होतं? कुठल्या गोळीने?"

"नाव ह्यांना म्हायती."

"मग बोलवा त्यांना."

बाईजाने दाराकडे पाहिलं. सवयच ती.

"ते वारले," भिमी म्हणाली.

डॉक्टर ओशाळला. "आजी, या गोळीत सल्फा होतं. पाकिटावर नाव कुठलंही असो, आत सल्फा असलं तर घ्यायची नाही. जाल तिथे सांगत जा."

तो शब्द ऐकला आणि लखमाच मागे उभा असल्यासारखं तिला वाटलं.

"आन माजी वाचाच बसली तर?"

"घरचं कुणी सांगेल की."

घरी दोन कोंबड्या.

पौषात ती म्हशाच्या जत्रेला गेली आणि गोंदणारीपुढे हात धरला. मनगटाच्या वर लखमाचं नाव होतं, लग्नातलं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून हातावर.

"ह्याच्याखाली लिव, सल्फा चालत नाय."

गोंदणारी हसली. "औषदाचं नाव? लोकं देवाचं काढतात गो, आजे!"

"देव काय डाक्टरला सांगाया येनार हाय?"

सुई टोचू लागली. बाईजाने हात तसूभरही हलवला नाही.

"जरा वर घे गो," ती म्हणाली. "ह्यांच्या नावाला चिकटून काढ. सांगायचं काम त्यांचंच हाय."