हमीदभाईंचं गुडघाभर पाणी

नदी अजून लांब असतानाच हमीदभाई चपला काढायचे. त्या काखेत मारायच्या, कमरेत वाकायचं आणि सावली मागे पडेल अशा बेताने, उन्हाकडे तोंड करून, मांजरासारखं काठाकडे सरकायचं. येरवड्याच्या बाजूला धुणं धुणाऱ्या बायका विचारायच्या, "काय हरवलं का हो भाऊ?" हमीदभाई नुसतं ओठांवर बोट ठेवायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. मी वरच्या अंगाला डोहाशी, खडकावर गळ सोडून बसलो होतो. हा माणूस घोटाही बुडणार नाही अशा पाण्यात गळ टाकतोय बघून मला राहवलं नाही. ओरडलो, "ओ पाव्हणं, तितं पोरं बेडकं धरत्यात! मोठा मासा हितं खोलात हाय!"

त्यांनी मानही वळवली नाही. "आपण जरा हळू बोलाल का? मासे जेवायला बसलेत."

तिथून जे भांडण लागलं ते आमच्या दोघांचे केस पिकले तरी चालू होतं.

हमीदभाईंचं बुधवार पेठेत स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोबण. बोलणं मात्र शुद्ध पुणेरी. मी हडपसरचा, घरची शेती, चौथीनंतर शाळा सुटली. पण पाण्यातलं मला कुणी शिकवावं असं माझं मत नव्हतं, आजही नाही. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "या हडपसरकर," म्हणायचे, आणि रॉकेलचे हात पुसत चहा सांगायचे.

त्यांचं म्हणणं एकच. "मासा डोहात झोपतो आणि काठाला जेवतो. जेवणाऱ्याला आग्रह करावा. तुम्ही झोपलेल्याला उठवून ताट वाढता, मग तो कशाला तोंड लावेल?" मी म्हणायचो, वजनदार माणूस उंबऱ्यात बसत नाही, आतल्या खोलीत बसतो. मासाही तसाच.

एकदा त्यांनी कडेच्या गवतातून हाताएवढी मरळ काढली. ती घेऊन मुद्दाम माझ्यासमोरून गेले.

"वाट चुकली आसंल बिचारी," मी म्हणालो.

"वाट चुकलेले माझ्याकडे येतात, कबूल. बरोबर वाटेने तुमच्याकडे कोण आलंय आज?"

माझी पिशवी रिकामी होती. पुढच्या रविवारी मी डोहातून भलामोठा रोहू ओढला. त्याच्याकडे बघून ते हळहळले, "अरेरे, आजारी दिसतोय. पडून होता वाटतं."

पुढे नदीत शहराची घाण इतकी आली की गळ वर काढायची किळस वाटू लागली. आम्ही बसने खडकवासल्याला जाऊ लागलो. तिथेही ते त्यांच्या उथळात, मी माझ्या खोलात. घरोघर गॅस आला, त्यांचं दुकान बसलं, त्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. पण मग काचबिंदूने डोळे जाऊ लागले. त्यांचा सगळा खेळ नजरेचा. पाण्यावर कुठे सुरकुती पडली, गवताची काडी कुठे हलली, त्यावर त्यांचा गळ पडायचा. आता त्यांचा पाय घसरायचा, दगड वाजायचा, मासा पळायचा. ते रिकामे परतू लागले आणि एक दिवस म्हणाले, "पुढच्या खेपेपासून तुम्ही एकटेच जा."

मी म्हणालो, "आवो, खोलात डोळं लागत न्हाईत. गळाचा तंगूस बोटावर घ्यायचा, मासा आपसूक कळतोय. माझ्याशेजारी बसा."

"दिसेनासं झालं म्हणून पक्ष बदलू? उथळ जागी बसवणार असाल तर येतो."

मी हो म्हणालो आणि त्यांना खोल पाण्यावरच्या कपारीत नेऊन बसवलं. त्यांना परत एकदा मासा लागावा, एवढंच माझ्या मनात होतं. आमिष लावून दिलं. त्यांनी गळाला बांधलेलं शिसं पाण्यात सोडलं आणि तंगूस बोटावर धरला. दुपार कलली तेव्हा झटका बसला. काठी वाकली, म्हातारा उभा राहिला, दात-ओठ खाऊन ओढू लागला. मी त्यांची कंबर धरून होतो. हातजाळीत आला तो जबर कटला मासा. हमीदभाईंनी तो डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपला.

"पाणी किती आहे हो इथे?"

उभ्या जन्मात त्यांचं न ऐकणारा मी म्हणालो, "गुडघाभर. जितलात हमीदभाई, तुमचंच खरं."

"गुडघाभर?" ते हसले. "शिसं तळाला जाईपर्यंत माझा कलमा म्हणून झाला. तुमचा गुडघा फारच उंच दिसतोय, हडपसरकर."

मीही हसलो. पण त्यांनी मासा माझ्याकडे सरकवला. "हा तुमचा. तुमच्या पाण्यातला आहे."

बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. स्वारगेट आल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं आपण माझं एक अक्षर मानलं नाहीत. आज मानलंत, तेव्हा कळलं की डोळे खरंच गेले."

त्यानंतर ते कधी पाण्यावर आले नाहीत.

ते जाण्याआधी शेवटचा भेटलो तो त्यांच्या घरी. खाटेवर बसले होते. सूनबाई चहा ठेवून गेली. मी ठरवूनच गेलो होतो. बसता बसता आवाज चढवला, "मोठा मासा खोलातच! उथळात काय, चिल्लर! जन्म फुकट घालवलात तुमी!" दारातून सूनबाईने दचकून पाहिलं. मी वाट बघत राहिलो, आता टोमणा येईल, निदान एक शिवी तरी.

हमीदभाईंनी माझ्या आवाजाच्या रोखाने मान वळवली आणि अगदी समजुतीने म्हणाले, "असेल हो. तुमचंच बरोबर असेल. चहा घ्या, निवतोय."